खिडकीला बांधलेला धान

दिवाळी आटोपली की गोंदियाच्या हवेला एक वास सुटतो. मिलमध्ये उसना तांदूळ करायला धान उकळतात, त्याचा वास. ओला, आंबूस, थोडा पेजेसारखा. बाहेरून बदलीवर आलेले लोक नाकाला रुमाल लावतात. मी इकडचीच, मला त्या वासानं भूक लागते आणि पाठोपाठ कॅलेंडरकडेही नजर जाते, कारण हा वास सुटला की मला घर शोधायला निघावं लागतं. आमचं ॲग्रीमेंट अकरा महिन्यांचं, वर महिनाभर मुदत मागून घेतो, आणि ते नेमकं धान घरात यायच्या दिवसांत संपतं. यंदाही घरमालकाचा निरोप आला की भाच्याचं लग्न ठरलंय, घर रिकामं हवं. मागच्या घरमालकालाही भाचाच होता. या लोकांना घर द्यायच्या वेळी एकही नातेवाईक नसतो आणि घर काढून घ्यायच्या वेळी भाचे कुठून उगवतात, देव जाणे.

त्याच आठवड्यात रंजनाची पत्रिका आली. वास्तुपूजनाची. फुलचूरला तिनं स्वतःचं घर बांधलं. पत्रिकेवर घराचा फोटो होता, वर गच्ची, समोर फाटक आणि खिडक्याच खिडक्या. मी ती पत्रिका फ्रिजवर ठेवली, मग फ्रिजवरून काढून कपाटात टाकली, मग कपाट उघडून पुन्हा खिडक्या पाहिल्या. खोटं कशाला बोलू, माझा जीव जळला. नवरा म्हणाला, तुझीच मैत्रीण ना, आनंद मान. मी म्हटलं, मानते, थोडा वेळ दे.

रंजनाचा आणि माझा हा खिडकीचा हिशेब जुना आहे. मी पहिल्यांदा खोली शोधली, त्या मोसमातला.

तेव्हा माझं लग्न झालं नव्हतं. रक्त-लघवी तपासायच्या एका खाजगी लॅबमध्ये नवीनच लागले होते. गाव अर्जुनी मोरगावजवळ, तिथून पॅसेंजरनं अपडाऊन करायची. पावसाळा कसाबसा निघाला. पण लॅबचं खरं काम पहाटेचं. लोक उपाशीपोटी रक्त द्यायला येतात, दार उघडायच्या आधी ओट्यावर बसलेले असतात, आणि माझी गाडी सौंदडला सिग्नलवर उभी. मॅडम चिडायच्या. एक दिवस त्यांनी सरळ सांगितलं की गोंदियात राहणार असशील तर ये, नाहीतर दुसरी मुलगी बघते. घरी बाबांनीही बजावलं होतं. आई रोज अंधार पडायच्या वेळी मला आणायला स्टेशनवर यायची आणि तिचे गुडघे धरायचे. बाबा म्हणाले, धान घरात येईस्तोवर पाहा, खोली नाही भेटली त नोकरी सोडून दे. दोन्हीकडून असं कात्रीत धरल्यावर मी करणार काय. रोज लॅब सुटली की गाडीच्या वेळेपर्यंत खोल्या शोधत फिरायची.

गोंदियात मराठीत घर शोधलं तर घर मिळत नाही, असं मला लवकरच कळलं. हिंदीतही मिळायचं नाही, पण निदान नकार पटकन मिळायचा. फाटकातून बाई आधी माझ्या चपलांकडे बघायची, मग गळ्याकडे. अकेली हो? शादी नहीं हुई? हम तो फैमिली को देते हैं. एकीनं नाव विचारलं, मी सांगितलं. तिनं पूरा नाम विचारलं, तेही सांगितलं. मग गाव, मग बाप काय करतो, मग देवाधर्माचं काय. आमचं सगळं खानदान ऐकून घेतल्यावर म्हणाली की खोली तर कालच गेली. अगं, मग एवढं विचारलं काऊन? दुसरीनं विचारलं, मच्छी खाती हो क्या. आता मी तलावाकाठची पोर. आमच्याकडे जावयाला मासोळी केली नाही तर तो रुसून बसतो. मी म्हटलं, हो, चांगली बनवतेही. फाटक बंद झालं.

एक दलालही धरला होता. त्यानं एकच खोली मला दोनदा दाखवली, एकदा पुढच्या गल्लीतून आणि एकदा मागच्या. मागून दाखवताना तिला हवेशीर म्हणाला. एक खोली मिलच्या भिंतीला लागून होती, भुशाची काळी राख दिवसभर अंगणात पडायची, दोरीवरचे पांढरे कपडे करडे झालेले. एक लग्नाच्या हॉलवर होती. एका खोलीचं न्हाणीघर जिन्याखाली होतं आणि वाकून आंघोळ करावी लागणार होती. मी ती खोलीही घ्यायला तयार होते. तर मालक म्हणाला, विचार करून सांगतो. म्हणजे त्या न्हाणीलाही मी पसंत नव्हते.

त्या दिवसांत मी फार वाईट नजरेची झाले होते. संध्याकाळी घराघरांत दिवे लागायचे, कुणी पोळ्यांना फडकं गुंडाळतंय, कुणी पोराला पाढे म्हणायला लावतंय, आणि मी रस्त्यावरून आत बघत चाललेली. मला त्या सगळ्यांचा राग यायचा. दोरीवर वाळणाऱ्या परकरांचाही हेवा वाटायचा की यांना जागा आहे. एका बंगल्याच्या पोर्चमध्ये एक लठ्ठ कुत्रं गोणपाटावर झोपलेलं असायचं. त्याच्यापुढे उभं राहून मी एकदा म्हटलं, तुले कोणी पूरा नाम नाही विचारलं ना रे. कुत्र्यानं एक डोळा उघडला आणि मिटला.

आणि मग फुलचूरची खोली सापडली. आंटी म्हणजे घरमालकीण विधवा होत्या, मुलगा रायपूरला. वरची एकच खोली, पण स्वयंपाकाच्या ओट्यासमोर खिडकी. मी खिडकी उघडली तर बाहेर पेरूचं झाड आणि त्याच्यामागे बांध्याच बांध्या, म्हणजे बांध घातलेली धानाची शेतं, भारी म्हणजे उशिरा निघणाऱ्या धानाच्या, उभ्या, पिवळ्या. शहराच्या टोकाला येऊन माझं गाव खिडकीत उभं होतं. आंटींनी मासोळीचं विचारलं नाही. लग्नाचंही नाही. फक्त म्हणाल्या, किसी बड़े को लेके आना, बात करने.

मी बाबांना घेऊन गेले. कापणी सोडून आले बिचारे, धुतलेला सदरा, खांद्यावर निळ्या रेघेच्या काठाचा पांढरा दुपट्टा. आमच्याकडे बाप्येही दुपट्टा घेतात. हातात पिशवी. त्यांनी खोली पाहिली, नळ सोडून पाहिला, दाराची कडी लावून पाहिली, खिडकीतून बांध्या पाहिल्या आणि कोणत्या बांधीत पाणी कमी पडलं तेही मला सांगितलं. मग आंटींना विचारलं, देता ना हे खोली मह्या पोरीले. आंटी म्हणाल्या, हाँ हाँ, दे दी. चहा झाला. मग बाबांनी पिशवीतून आमच्या शेतातल्या लोंब्यांचा एक झुबका काढला, दुपट्ट्याच्या काठाची एक चिंधी टर्रकन फाडली आणि तो झुबका खिडकीच्या गजाला गाठ मारून बांधून टाकला.

हे इतर कुणाला कळायचं नाही, म्हणून सांगते. आमच्या गावात दुसऱ्याची जमीन ठेक्यानं घ्यायची तर चहा होतो, मालक हो म्हणतो, आणि घेणारा आपल्या धानाच्या लोंब्या त्या शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, एखाद्या झुडपाला बांधून येतो. झालं. त्यानंतर त्या शेताचं कोणी नाव काढत नाही. बाबांनी जन्मभर असेच सौदे केले आणि एकही मोडला नाही. गाठ मारून ते आंटींना त्यांच्या मोडक्या हिंदीत म्हणाले, बाई, अब ये हमारा. आंटी हसल्या, मान हलवली. पुढच्या आठवड्यात चुरणं, म्हणजे मळणी, आटोपलं की गादी, स्टोव्ह घेऊन येतो असं सांगून आम्ही निघालो. गाडीत बाबांनी मला खिडकीजवळ बसवलं. ॲडव्हान्स हा शब्द आम्हा दोघांपैकी कुणाच्याही डोक्यात आला नाही. मी लॅबमध्ये काम करणारी, शिकलेली मुलगी, पण बाबा सोबत असले की मी गावातलीच होते.

दुसऱ्या दिवशी मी लॅबमध्ये सगळ्यांना सांगितलं. रंजना समोरच्या टेबलावर बसायची. ती सालेकशाकडची, तिलाही मॅडमनी तोच दम दिलेला, तीही माझ्यासारखीच गल्ल्या मोजत होती. आम्ही एकमेकींना नकार सांगून हसायचो. तिला मी खिडकी सांगितली, पेरू सांगितला, आंटींचं घर कुठल्या वळणावर आहे तेही सांगितलं. बाबांनी कसा दुपट्टा फाडला आणि आंटींचा चेहरा कसा झाला, त्याची नक्कल करून दाखवली. सगळे हसले. रंजनाही हसली, जरा उशिरा.

गादी आणि स्टोव्ह घेऊन आम्ही गेलो तेव्हा वरच्या खोलीत रंजनाच्या साड्या वाळत होत्या. माझ्या दोरीवर. आंटी ओशाळल्या नाहीत. म्हणाल्या, उस लड़की ने दूसरे ही दिन एडवांस दे दिया. आपने तो कुछ दिया ही नहीं, खिड़की पे घास बाँध के चले गये.

घास. रिक्षातून गादी उतरवलीच नव्हती, तसेच परत निघालो. स्टेशनवर बाकावर बसल्यावर त्यांनी मला विचारलं, "बाई हो म्हणाली होती ना?" मी म्हटलं, हो. "मंग हो म्हटल्यावर दुसऱ्याले कायले देईन?" त्यांना खरंच कळत नव्हतं. मला रंजनाचा जेवढा राग आला त्याहून जास्त राग त्या क्षणी बाबांचा आला, आणि मग त्यांच्या दुपट्ट्याचा फाटका काठ दिसला आणि मी दुसरीकडे बघायला लागले.

पुढे गोदामामागची एक खोली मिळाली. नोकरी वाचली. खोलीला दार होतं, बल्ब होता, खिडकी नव्हती. दिवसाही दिवा लावून भाजी चिरायची. भारी धान निघाल्यावर बाबा मला भेटायला आले, पुन्हा पिशवी घेऊन. आत आले आणि चारी भिंतींकडे बघत उभे राहिले. मला कळलं ते काय शोधत आहेत. मी म्हटलं, बसा ना बाबा, चहा ठेवते. ते बसले, चहा प्याले, तांदूळ ओट्यावर ठेवले. जाताना पिशवी रिकामी नव्हती. लोंब्यांचा झुबका ते परत घेऊन गेले. बांधायला जागाच नव्हती.

आणि रोज सकाळी समोरच्या टेबलावर रंजना. ओले केस पाठीवर मोकळे सोडलेले, कपड्यांना उन्हाचा वास. माझ्या कपड्यांना गोदामातल्या पोत्यांचा. मी तिच्याशी कामापुरतं बोलायची. ती एकदा म्हणाली की तुमच्या त्या लोंब्यांवर चिमण्या येतात, सकाळी लई गलका करतात. मी म्हटलं, हो का, आणि सुई अशी लावली की पेशंट ओरडला. म्हणजे आमच्या शेतातला धान, माझ्या बापानं बांधलेला, आणि चिमण्या तिच्या. मला तर त्या चिमण्यांचाही राग यायचा. माझी खोली कुठे आहे हे त्यांना शोधता आलं नाही.

मंडईचे दिवस आले. आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, पाहुणे येतात, रात्री नाटकं होतात. लॅबमधल्या मुली नव्या साड्या नेसून एकमेकींच्या गावी जात होत्या. रंजनानं मलाही बोलावलं. मी गेले नाही. तिनं माझ्यासाठी चिवडा आणला, तो मी खाल्ला, पण चांगला झालाय म्हणाले नाही.

नंतर माझं लग्न झालं, रंजनाचंही झालं, लॅबही सुटली. आम्ही भेटायचो, फोन करायचो, तोंडदेखलं सगळं ठीक. पण ती खिडकी मी विसरले नाही. किती घरं बदलली, प्रत्येक घरात गेल्यावर मी आधी ओट्यासमोरच्या भिंतीला हात लावते. कधी तिथं शेजारच्यांची भिंत असते, कधी एक्झॉस्टचं भोक. एकदा खिडकी मिळाली तर ती उघडल्यावर समोरच्यांचा संडास. बाबा गेले. भाऊ शेती करतो, दर मोसमात तांदळाची चुंगडी पाठवतो आणि त्यावर लोंब्यांचा एक झुबका ठेवायला विसरत नाही. मी तो देवाजवळ ठेवते आणि उंदीर खातात.

तर वास्तुपूजनाला गेले. चांगली साडी नेसून गेले, कारण जळलेलं दिसू नये. घर खरंच सुंदर आहे, एक वाईट गोष्ट सापडेल म्हणून मी टाइल्सचे जोडही पाहिले. पाहुण्यांची गर्दी होती, रंजना हळदीकुंकवाच्या हातांनीच मला ओढत स्वयंपाकघरात घेऊन गेली. ओट्यासमोर मोठी खिडकी. आणि गजाला बांधलेलं एक वाळकं काडं. एकही दाणा नव्हता, सगळे कधीच चिमण्यांनी खाल्लेले, नुसत्या रिकाम्या लोंब्या. चिंधी चहाच्या रंगाची झाली होती. पण काठावरची निळी रेघ मी ओळखली.

रंजना म्हणाली की फुलचूरची ती खोली सोडली तेव्हा सोबत आणलं, आणि मग जिथं जिथं राहिली तिथं तिथं बांधलं. मी विचारलं, कायले?

"माहा बाप कधी खोली पाहायले आला नाही," ती म्हणाली. "पोरगी शहरात एकटी राहते म्हणून बोलतही नव्हता माझ्याशी. आणि तू हसून हसून सांगत होती, बापानं दुपट्टा फाडला म्हणून. मले इतकं जळलं त्या दिवशी. खिडकीसाठी नाही घेतली मी ती खोली."

बाहेर भटजी कुणाला तरी हाका मारत होते. मी गजाकडे बघत राहिले. माझी खोली घेतली, मोसमभर मला अंधारात भाजी चिरायला लावली, आणि ते सगळं माझ्या बापासाठी? इतकी वर्षं मी जिच्यावर जळत होते ती माझ्यावर जळत होती, हे ऐकून बरं वाटायला हवं होतं. थोडं वाटलंही. पण त्याहून जास्त मला ते काडं हवं होतं. मी म्हटलं, "रंजना, ते मला दे. बाबा नाहीत आता."

तिनं गजावर हात ठेवला. तिचे डोळे भरले होते, पण हात तिथून हलला नाही. "दुसरं काही माग," ती म्हणाली. "हे नको मागू."

मी पंगतीत बसले, पोटभर जेवले, जिलबी दोनदा घेतली. घरी आल्यावर नवऱ्यानं विचारलं, कसं आहे घर. मी म्हटलं, स्वयंपाकघर लहान आहे.

मग पलंगाखालची पेटी ओढली. बाबांचा दुपट्टा आईनं मला दिला होता, तो त्यात आहे. काढून मांडीवर पसरला. एका काठाला चिंधीएवढी जागा गेलेली, सुतं सुटलेली. रंजनाकडे चिंधी आहे, पण दुपट्टा माझ्याकडे आहे, असं मी स्वतःला समजावलं. हे असं समजवायची वेळ यावी, याचंही हसू आलं.

काल नवं घर ठरलं. दुसरा मजला, मालक रिटायर्ड गुरुजी, पूरा नाम विचारलंच, पण निदान चहा पाजून विचारलं. ओट्यासमोर खिडकी आहे. बाहेर बांध्या नाहीत, एका मिलचं धुराडं आणि एक बदामाचं झाड आहे, चालेल. मी आधी फोनवरून ॲडव्हान्स पाठवला. गुरुजींच्या फोनमधून पैसे आल्याचा आवाज होईपर्यंत थांबले. ते म्हणाले, "बस, बयाना मिल गया." मग पिशवीतून भावाच्या शेतातला झुबका काढला आणि दुपट्ट्याचा काठ टर्रकन फाडला. गुरुजी बघत राहिले. ये क्या है, विचारलं. मी म्हटलं, "वो आपका बयाना था, ये खिड़की का है."

गाठ मारली. सुटली. पुन्हा मारली, झुबका लोंबला आणि घसरून ओट्यावर पडला. बाबांनी मारली तेव्हा मी जवळच उभी होते, पण माझं लक्ष पेरूच्या झाडाकडे होतं. तिसऱ्यांदा कशीबशी बांधली आणि फोटो काढून रंजनाला पाठवला. का पाठवला? जळू दे थोडी, म्हणून.

तिचा लगेच फोन आला. खिडकीचं कौतुक नाही, घराची चौकशी नाही. म्हणाली, गाठ ढिली आहे, चिमणी बसली की सुटन. मग म्हणाली, चिंधी गजाच्या मागून घे, लोंब्यांच्या देठातून एक वेढा घाल, मग वरून आवळ. "तुया बाबानं तशीच मारली होती. मी किती वेळा सोडून बांधली, मले हातानं येते."

मी फोन ओट्यावर ठेवला आणि ती सांगते तसा मागून वेढा घेतला. गाठ बसली, ओढूनही हलेना. अगदी बाबांची. माझ्या बापाची गाठ मला रंजनाकडून शिकावी लागली, आणि आज सकाळपासून मी त्याच गोष्टीवर जळते आहे.